तिसऱ्या हाकेनंतर

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, वजनकाट्यांना जोडायचे छोटे संगणक मी आणि माझा भागीदार नांदेडात बनवायचो. तो प्रोग्राम लिहायचा, मी यंत्रं विकायचो. यंत्र चालू होताच त्याच्या मुख्य प्रणालीला उठवणारा एवढासा प्रोग्राम असतो, बूटलोडर. प्रत्येक गावच्या काट्याच्या सूचना वेगळ्या, म्हणून त्या लिहायला बूटलोडरच्या पोटात प्रोग्रामिंगची एक छोटी भाषा बसवायची होती. कुठली, यावर आमचं वाजलं.

मला लुआ हवी होती. नवा माणूस ठेवला तरी आठवड्यात वाचू लागतो. त्याला फोर्थ हवी होती. ती वाचणारा आमच्या ओळखीत तो एकटाच.

मी बैलबाजारात वाढलेला. तिथं भाव रुमालाखाली, बोटं धरून ठरतो. टेबलावरचं फडकं हातावर टाकलं आणि म्हटलं, "बोल, किती जागा?" एक बोट म्हणजे दहा किलोबाइट. लुआला दोन्ही हातांची बोटं पुरेनात. फोर्थसाठी त्यानं माझी दोनच दाबली.

"मोठी चिप घे मग. भाव वाढव. घेतील का लोक, भाऊ?"

तो मला भाऊच म्हणायचा, अन् त्यानं बरोबर दुखरी नस धरली होती.

"अन् उद्या तू नसलास तर?"

"मी कुठं जाऊन राहिलो? हाय की हितंच."

या शब्दावर मी सौदा सोडला. आयुष्यात एवढा एकच.

दोन वर्षांनी तो लातूरला पगाराच्या नोकरीवर गेला. मला बातमी दुसऱ्याकडून कळली. त्या संध्याकाळी त्याचा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा मी कापला. पुन्हा आला नाही. वर्षभरानं काविळीनं तो वारला. मी लातूरला गेलो नाही.

गेल्या महिन्यात उमरीच्या मोंढ्यातलं यंत्र बंद पडलं. जुनी चिप आता मिळत नाही. नव्या चिपवर जागाच जागा. लुआ आरामात बसते. म्हणजे मी जिंकलो होतो. बिलोलीची एक इंजिनिअर मुलगी हाताशी आहे. लुआत उतरवायला ती पुस्तक समोर ठेवून त्याची फोर्थ उलगडत होती. फोर्थमध्ये लिहिणारा आपले शब्द आपणच घडवतो.

"सर, हितं 'भाऊ' म्हणून एक शब्द हाय."

"काय करतो तो?"

"प्रणालीला तीनदा हाक मारतो. न्हाई उठली तर बराच वेळ गप ऱ्हातो. मग चौथ्यांदा मारतो." ती हसली. "शेजारी लिहिलंय, तीनदा तापतो, थंड होऊ द्यावा, चौथ्यांदा ऐकतो."

कारण साधं आहे. गेलेली वीज परत येते तेव्हा दाब कमी असतो, प्रणाली ज्यात असते ते मेमरी कार्ड लगेच जागं होत नाही. मी तिला एवढंच सांगितलं.

"मग लुआत तीनच ठेवू का? नव्या कार्डाला चौथी लागत न्हाई."

"चार ठेव," मी ओरडलो. ती दचकली. "अन् मधला वेळ त्यानं ठेवलाय तेवढाच."

उमरीला यंत्र बसवलं तेव्हा मी मुद्दाम कार्ड काढून चालू केलं. पडद्यावर हाका उमटल्या, एक, दोन, तीन. मग पडदा काळा. त्यात माझाच चेहरा दिसत राहिला. घाईघाईनं कार्ड आत सारलं. चौथ्या हाकेला यंत्र उठलं.

एवढा ओळखून होता मला, तर चौथा फोन का नाही केला त्यानं?