बिझी म्हंजी काय

माझ्या मांडीवरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बघून वेल्ह्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या धनगरबाबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांच्या पुण्यातल्या मुलाने फोन उचलला नव्हता, नुसता एक इंग्रजी शब्द पाठवला होता.

"गुरुजी, बिझी म्हंजी काय वो?"

"कामात आहे. गुंतलाय. सवड नाही. व्यग्र आहे." वर्गात सांगावेत तसे मी अर्थ सांगत सुटलो. ते प्रत्येक अर्थाला मान हलवून पुढच्याची वाट बघत होते.

"मेंढी अडली आन् हात रगतात असलं, तरी आमी हाकेला आदी ओ देतो. यात तसला शबूद न्हाई व्हय?"

मी मोबाईल त्यांच्या हातात परत दिला. त्यांच्या वाडीत आता त्यांचं एकच घर उघडं असतं आणि त्यातही ते एकटेच, हेही मला बोलण्यातून कळलं होतं.

घाटातल्या वळणावर ते उतरले. सवयीने तोंडाभोवती हात धरून त्यांनी वरच्या वाडीकडे हाक मारली, "आलो रंऽऽ!"

एसटी हलली. मी खिडकीतून जीव खाऊन ओरडलो, "ओऽऽ!"

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. ते मात्र डोंगराकडेच कान लावून उभे होते.