कोऱ्या चौकटीतलं नाव

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी रत्नागिरीतल्या एका बांधकाम सल्लागाराच्या कचेरीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागले. अनंतराव पावसकर तिथे मुख्य ड्राफ्ट्समन होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला काही कामच दिलं नाही. कॉम्प्युटरसमोर बसवलं, पडद्यावरची एक रिकामी चौकट दाखवली आणि ती नीट बघून घ्यायला सांगितली. मी पाहिली. तिच्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

नंतर कळलं, की ती चौकट म्हणजे पावसकर साहेबांची दोन महिन्यांची मेहनत होती. नवा नकाशा सुरू केला की आपोआप तीच समोर यायची. समास, अक्षरांची उंची, भिंतीची जाड रेघ, मापांची बारीक रेघ, सगळं आधीच ठरलेलं. कॉम्प्युटरला तेव्हा मराठी येत नव्हतं आणि आमच्या गवंड्यांना इंग्रजी. म्हणून साहेबांनी ‘जोतं’, ‘चिरा’, ‘गिलावा’ असले शब्द एकेक रेघ ओढून चित्रासारखे काढले आणि चौकटीच्या कोपऱ्यात ठेवून दिले.

एक गोष्ट मात्र आम्हाला खुपायची. खाली उजवीकडे ‘जबाबदार’ असा रकाना होता आणि त्यात साहेबांचं नाव कायमचं घातलेलं. नकाशा कोणीही काढो, नाव पावसकरांचं. साहेबांना नावाची भारीच हौस, असं मी डबा खाताना म्हणायचे आणि सगळे हसायचे. आज हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

चौथ्या महिन्यात मी दापोलीकडच्या एका आंबाबागेचा नकाशा काढला. बागेला मिलिमीटरचा काटेकोरपणा कशाला, म्हणून मापं पन्नासच्या पटीत लिहून येतील अशी सोय केली. ती माझ्या नकाशापुरती करायची, तर मी चुकून साहेबांच्या मूळ चौकटीतच करून ठेवली. पुढचा नकाशा मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्याचा होता, तोही माझ्याच हातचा. साहेब आंजर्ल्याला सासुरवाडीला गेले होते, त्यामुळे घाईत तो न तपासताच गेला. मशीनच्या पायातले बोल्ट एकमेकांपासून चारशे ऐंशी मिलिमीटरवर हवे होते. कागदावर पाचशे लिहून आलं आणि काँक्रीटमध्ये ते पाचशेवरच बसले.

मशीन आलं, पण बसेना. मासळीचा हंगाम तोंडावर आलेला. कारखान्याचे मालक नकाशाची गुंडाळी घेऊन तडक कचेरीत आले.

“मशीन बसत नाय हो. कोणाचं काम हे?”

माझे सहा महिने पुरे व्हायला दोन राहिले होते. कचेरीतली मी पहिलीच मुलगी, मला काढलं असतं तर दुसरीला कोणी उभंही केलं नसतं. साहेबांनी नकाशा उलगडला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

“वाचा की. पावसकर. माझंच काम.”

मालक पुढे जे बोलले ते साहेबांच्या या गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. साहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं. काँक्रीट फोडून बोल्ट पुन्हा बसेपर्यंत दोन दिवस ते स्वतः तिथे उभे होते.

परत आल्यावर ते मला रागावले नाहीत. चूक मलाच शोधायला लावली आणि चौकट माझ्याकडूनच नीट करून घेतली. मग ती चौकट ठेवलेल्या मूळ फ्लॉपीवर पुन्हा कोणाला काही लिहिता येऊ नये, म्हणून तिच्या खाचेवर आंब्याच्या पेटीच्या लेबलाचा तुकडा चिकटवला. मी रडायला लागले.

“रडतेस काय गो?” साहेब म्हणाले. “नाव त्याचसाठी घातलंय तिथे.”

माझी नोकरी टिकली. माझ्यामागून आणखी तीन मुली तिथे लागल्या. पुढे मी दापोलीला स्वतःची कचेरी काढली, तेव्हा साहेब एसटीने धक्के खात आले आणि आल्या आल्या चौकट दाखव म्हणाले. ‘जबाबदार’च्या रकान्यात मी आदराने त्यांचंच नाव ठेवलं होतं. ते त्यांनी काढायला लावलं आणि तिथे माझं नाव येईपर्यंत पेढ्याला हात लावला नाही. आता बोलणी तू खायची, असं सांगून मग पेढा खाल्ला.

साहेब आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. अजूनही माझा नकाशा हाती आला की चष्मा पुसून चूक शोधतात आणि सापडली की दिवसभर खूश असतात. त्यांची नजर अशीच तिखट राहो, गुडघ्यांनी त्यांना कधी जिना अडवू नये आणि शंभरी त्यांनी हसतखेळत गाठावी, हीच माझी मनापासून इच्छा. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. या लेखातही काही चुकलं असेल, तर साहेब, बोलणी मी खाईन. नाव खाली घातलं आहे.

— सुनंदा तांबे, दापोली