झावळ्यांवरून निघालेली गाडी
विजयदुर्गाला बहिणीकडे गेले होते, तेव्हाचं सांगते. फोटोंसाठी किनाऱ्यावर विजेवरची एक महागडी गाडी आणली होती, उद्याच्या जमान्याची, म्हणे अशी एकच. टपावर तंबू, मागे शेगडी, रानावनात फिरायला केलेली; आणि बाई, रुतली ओल्या रेतीत. भरती चढत होती.

जाळं शिवणारा एक म्हातारा उठला, लुंगी खोचली आणि होडी ओढताना घालतात तशा माडाच्या झावळ्या चाकांखाली सारू लागला.

"आजोबा, राहू द्या, क्रेन येतेय," गाडीवाले साहेब म्हणाले.

"क्रेन येईसर भरती थांबतली? होडी काय नि गाडी काय, पाण्यात एकटी सोडूची नाय. खांदो लाय."

साहेबांनी बूट काढले. मीही पदर खोचला. तिसऱ्या रेट्याला गाडी सुटली.

नाव विचारायला वळले, तर तो जाळ्याशी बसून अर्धी राहिलेली गाठ शोधत होता.