हायड्रोजन बंध
आमच्याच शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या हडपसरच्या ऑफिसात चहाची किटली गुणगुणू लागली, की मला सदाशिव पेठेतला अकरावीचा क्लास आठवतो, खडूच्या धुळीसकट आणि करकरणाऱ्या पंख्यासकट. आपली गावाकडची बोली कळू नये म्हणून मी तिथं गप्पच बसायची. एकदा सरांनी विचारलं, "पाण्याची वाफ व्हायला इतका वेळ का लागतो? रेणूंना काय धरून ठेवतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हायड्रोजन बंध हाय, सर!" सगळा वर्ग खो खो हसला. अस्सल पेठेतले आमचे सर मान वर न करता म्हणाले, "उत्तर बरोबर हाय. हसणाऱ्यांनी लिहून घ्या." मग सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. आता कुणी विचारलं, "मॅडम, पाणी उकळलं का?" की मी ऐटीत सांगते, "वेळ हाय अजून."