पहिल्या पानावरचं नाव

काल मुलुंडच्या घरी माझ्या गणिताच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. पाकीट फोडताच शाईचा वास आला आणि चाळीस वर्षांपूर्वीची कॉलेजची स्टाफरूम आठवली.

त्या दुपारी साळवीबाई डबा बाजूला सारून पहिल्या आवृत्तीची प्रुफं तपासत होत्या. माझी तीन प्रकरणं सोडली तर सगळं पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. पहिलं पान पाहून त्या हसल्या. "सर, माझं नाव कुठल्या पानावर शोधू?"

"पुढच्या आवृत्तीत घालू ना," मी म्हणालो.

"बरं. मग हे उत्तर तरी सुधारा. तुमच्या प्रकरणातलं आहे."

पेन्सिलीने खूण करून त्या मान खाली घालून तपासत राहिल्या. बाईंनी मनावर घेतलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. आता ती खाली घातलेली मानच दिसते. आवृत्त्या निघत गेल्या, नाव राहिलंच. त्या पुस्तकाच्या जोरावर मी प्राचार्य झालो. बाई लेक्चरर म्हणूनच निवृत्त झाल्या.

आज माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव लिहून प्रुफं परत पाठवली. संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला. "सर, या कोण?"

"पुस्तक यांनी लिहिलं," मी म्हणालो. "मी प्राचार्य झालो."