जावईबापूंची थीम

राजनंदिनीला मूर्ख माणसांचा राग येत नसे. ज्यांच्या मूर्खपणाला घरात पाट-रांगोळी मिळते, त्यांचा मात्र यायचा. उदयसिंह त्यांतलेच.

ती मूळची मंद्रूपची. वडील मेंढरांमागं फिरता फिरता गेले आणि आई, केराबाई, लेकीला घेऊन सोलापुरात आली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत जोतीरामशेठच्या कारखान्यात ती चौदा वर्षं टॉवेलच्या कडा शिवतेय. त्या कडांवरच राजनंदिनी बीसीए झाली. आता घरी बसून लोकांच्या बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करते. गिऱ्हाइकं तिला 'साइटवाली' म्हणतात आणि साइट सुरू झाली की ओळख विसरतात.

ऐन उन्हाळ्यात शेठची साइट हॅक झाली. टॉवेल बघायला जावं तर रमीचा जुगार उघडायचा. बंगळूरच्या एका हॉटेलवाल्यानं ते पाहिलं आणि कळवलं, शनिवारी अकराला व्हिडिओ कॉलवर साइट सोबत बघू, मगच ऑर्डरचं बोलू. ऑर्डर गेली तर एक तारखेपासून शिवण विभाग बंद, असं शेठनं बायकांना सांगून टाकलं. त्यात केराबाई होती. नाहीतर राजनंदिनीनं हे काम चिमट्यानंही उचललं नसतं.

बुधवारी तिनं साइटच्या आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. थीम, म्हणजे साइटचा दिसण्याचा सगळा साज, विकत घ्यायची वस्तू होती. ती टेलिग्रामवरून फुकट उतरवली होती. फुकट देणाऱ्यानं तिच्यात चोरदरवाजा ठेवला होता. ही थीम बसवणारे उदयसिंह म्हणजे शेठचे जावई. नातेपुत्याचे, तीन दिवसांचा कोर्स केलेले. सासऱ्याच्या ऑफिसात एसीखाली बसून ते 'डिजिटल' बघायचे, म्हणजे मोबाइल बघायचे.

चोरदरवाजा काढला तर थीमच कोसळली. मेनू पानभर विस्कटला, टॉवेलचे फोटो एकमेकांवर चढले. शेवटी तिनं ती मुळासकट पुसली, साधी खात्रीची थीम बसवली, एकेक फोटो तपासून जागेवर लावला, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. गुरुवारी संध्याकाळी साइट धुतल्या टॉवेलासारखी स्वच्छ होती.

शुक्रवारी सकाळी पुन्हा रमी.

साइटवर कुणी कधी काय बदललं, त्याची तिनं नोंद काढली. शेठकडून नवा पासवर्ड मागून घेऊन नऊ चाळीसला उदयसिंहांनीच जुनी थीम परत चढवली होती. ती तडक कारखान्यात गेली.

"तुमची थीम लई मिळमिळीत होती ओ," उदयसिंह खुर्चीतून न उठता म्हणाले. "शाळेच्या निकालासारखी. माझ्या थीमवर फोटो फिरतात की!"

"फोटोंबरोबर पत्तेपण फिरतात."

"त्या जाहिराती. सगळीकडंच असतात."

एवढ्या आत्मविश्वासानं चुकायलाही घरात कौतुक व्हावं लागतं. तिनं शेठला बाजूला घेतलं. "शेठ, त्यांच्याकडनं थीम बदलायचा हक्क काढून घ्या."

"खुळी का काय तू?" शेठनं दार लोटलं. "अधिक महिना चालू हाय. परवा धोंड्याचं जेवण घातलं, तेहतीस अनारशांचं वाण दिलं, आन् आज हातातली किल्ली काढून घेऊ? जावई हाय त्यो."

"मग शिवण विभाग बंद करा."

शेठ आपली नखं बघत राहिला. "तूच काढ की काय तरी वाट. फकस्त त्यांचं मन मोडू नगं."

आई चौदा वर्षं ज्याला मालक म्हणत होती, तो हा. राजनंदिनीला किळस आली. पण दिवसभर खपून तिनं साइट पुन्हा साफ केली आणि उदयसिंहांना नवं खातं काढून दिलं: 'मुख्य संचालक', सोनेरी अक्षरांत. त्यात थीम चढवायचं मोठं बटण ठेवलं. ते दाबलं की 'थीम यशस्वीरीत्या बसली' असं यायचं आणि त्यांच्या एकट्याच्या पडद्यावर फोटो फिरायचे. बाहेर काहीच हलायचं नाही. उदयसिंहांनी बटण दोनदा दाबून पाहिलं आणि मान डोलावली. घरी तिनं ही गंमत आईला सांगितली. केराबाई हसली नाही, नुसतं "बरं केलंस" म्हणाली.

शनिवारी कॉलवर उदयसिंह मधोमध बसले आणि आपण हल्ला कसा परतवला ते सांगत राहिले. राजनंदिनी कॅमेऱ्याबाहेर, फाइलींच्या कपाटाला टेकून उभी होती. साइट उघडली, टॉवेल दिसले, ऑर्डर ठरली. शेठनं शिवण विभागात नेऊन जावयाचा सत्कार केला. तिला कुणी बसही म्हटलं नाही.

संध्याकाळी केराबाईनं कागदात गुंडाळलेला अनारसा लेकीपुढं ठेवला.

"जावईबापूंनी वाणातलं वाटलं. त्यांनी साइट वाचवली म्हणं. आमी समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

"तूबी?"

"व्हय की. समद्यात जोरात."

राजनंदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन दिवस हितं कोण मरत होतं, तुला ठावं न्हाय?"

"ठावं हाय की." केराबाई भिंतीला टेकून बसली. "चौदा वरसं वाजवतीया मी टाळ्या. आदी शेठसाटी, आता ह्येच्यासाटी. सोमवारी माजं मशीन चालू हाय. तू त्येला बटण दिलंस, मी टाळ्या दिल्या. खा आता."

राजनंदिनीनं अनारसा मोडून तोंडात टाकला. तो वातड झाला होता.