एकटीचा परवाना

आमच्या साऱ्या महागाव तालुक्यात एकटं राहण्याची खरी हौस एकाच माणसाला आहे, आणि नेमकं तेच माणूस तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या खटल्याच्या घरात दिलेलं आहे. ते माणूस म्हणजे माझी मोठी वहिनी. दादाशी लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होतो. आता मी यवतमाळला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आहे. एवढ्या काळात वहिनीला कधी कोणी एकटं बसलेलं पाहिलं नाही. घरात आई, दादा, दोन मुलगे, सुना, नातवंडं, सालदार, शिवाय कापूस-सोयाबीनचं बोलायला येणारे आणि नुसतेच येणारे. अशा घरातून ही बाई एके दिवशी ताटं वाढता वाढता म्हणाली, "मी हिमाचलात चालली. एकटी. मासे धराले."

दादाच्या हातातला घास हातातच राहिला. आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. वहिनीचं माहेर मात्र पैनगंगेच्या काठचं. लहानपणी ती वडिलांबरोबर डोहावर गळ टाकून बसायची आणि ते बसणं तिला मासे खाण्यापेक्षा जास्त आवडायचं, असं ती सांगते. लग्नानंतर गळ सुटला, मासे सुटले, बसणंही सुटलं. मग कधीतरी धाकट्या सुनेच्या मोबाइलवर तिने एक माणूस पाहिला. उंच डोंगर, स्वच्छ ओढा, गुडघाभर पाण्यात तो उभा. त्याच्या गळाला गांडूळ नव्हतं. पीस आणि दोरा गुंडाळून केलेली एक खोटी माशी होती. लांब काठीने तो ती पाण्यावर अलगद टेकवायचा, मासा लागला की पाण्यातच धरून सोडून द्यायचा. आजूबाजूला दूरपर्यंत कोणी नाही. वहिनीने तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला, की सुनेने शेवटी जुना मोबाइल तिला देऊन टाकला.

आईने सोवळ्याचा प्रश्न काढला तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाली, "खाणार नाई न आई. धरतो अन् सोडतो." आई विचारात पडली. धरून सोडायचं तर धरायचं कायले, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, पण धर्मात कुठे अडचणही सापडेना.

मग सुरू झाली तयारी, आणि ती दीड वर्ष चालली. माशीसाठी कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं. शेजारच्या घरी एक तांबडा कोंबडा होता. वहिनी दुपारी कामं आटोपून त्याच्यासमोर जाऊन बसायची, तो पीस टाकेल म्हणून. शेजारणीने दोन-चार उपटून देऊ केली तर हिने घेतली नाहीत. "त्यानं टाकलेलं पाह्यजे, ओढून घेतलेलं नको," म्हणाली. अशी जमवलेली पिसं, शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा आणि चष्मा यांच्या बळावर तिने माशा बांधल्या. पहिली माशी इतकी हुबेहूब झाली, की खिडकीत ठेवलेली ती आईने केरसुणीने मारली आणि मारल्याचं समाधान दिवसभर सांगत राहिली. वहिनीने तिला खरं सांगितलं नाही. दुसरी बांधली.

दोरी फेकायचा सराव सोयाबीन निघालेल्या वावरात. त्या सरावाचा नियम असा, की हात घड्याळातल्या दहापासून एकपर्यंतच हलला पाहिजे. वहिनी काठी उचलताना "दहा" आणि फेकताना "एक" असं मोठ्याने म्हणायची. एकदा वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दादा एका व्यापाऱ्याशी कापसाच्या भावाचं बोलत होता. वहिनी "दहा" म्हणाली, काठी मागे गेली. "एक" म्हणाली आणि दादाच्या खांद्यावरचा दुपट्टा उडून वावराच्या मधोमध जाऊन पडला. व्यापारी थोडा वेळ दुपट्ट्याकडे, थोडा वेळ वहिनीकडे पाहत राहिला. दादा फक्त म्हणाला, "ती शिकून राह्यली."

चालण्याच्या सरावासाठी तिने पाठीवरच्या पिशवीत दहा किलो तूर भरली आणि रोज सकाळी गावामागच्या टेकडीवर चढ-उतार सुरू केला. टेकडीवर बकऱ्या चारणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी आठवडाभर पाहिलं आणि मग विचारलं, "बाई, चक्की इकडं हाय का?" वहिनी म्हणाली, "नाई बाबा, हिमाचल इकडं हाय." बाबांनी टेकडीच्या पलीकडे एकदा नीट पाहून घेतलं.

हे सगळं गावाने हौसेने पाहिलं. अडलं ते 'एकटी' या शब्दावर. हिमाचलचं नाव निघताच बचत गटातल्या बाया गाडी ठरवायला निघाल्या. माझी बायकोही स्वेटर काढून बसली. वहिनी प्रत्येकीला चहा पाजायची आणि सांगायची, "तुमी जा न, मस्त जागा हाय. पण मी एकटी जातो." मग कुजबुज सुरू झाली. तिच्या भावाचा माहेरून फोन आला, "बाई, घरात काही झालं का?" मासेमारीच्या परवान्याच्या अर्जात गटप्रमुखाचं नाव असा रकाना होता, तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं. खाली सदस्यांची नावं लिहायला मोकळी जागा होती, तिथे एक ठळक रेघ मारली. तो अर्ज तिने मला तीनदा वाचून दाखवला आणि दर वेळी त्या रेघेपाशी थोडी थांबली.

दादाला मात्र ते 'एकटी' लागलं. तो बोलणारा माणूस नाही. एका रविवारी त्याने मला बोलावून घेतलं आणि गोठ्यामागे नेऊन म्हणाला, "तू सांग तिले. मी सोबत जातो म्हणावं. काही बोलणार नाई, दूर बसून राहीन. माही काय अडचण हाय?" त्याचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं. मी वहिनीची समजूत घालायचीच असं ठरवून स्वयंपाकघरात गेलो.

ती वांगी चिरत होती. मी सुरुवात केली तोच आईने औषधासाठी हाक मारली. वहिनी जाऊन आली. मी पुन्हा सुरुवात केली. सालदाराला चहा पाहिजे होता. मग नातीची वेणी. मग दादाने बाहेरून विचारलं, चष्मा कुठे आहे. चष्मा त्याच्या खिशात होता. परत येऊन बसली तेव्हा वांगी काळी पडायला लागली होती. ती म्हणाली, "बोला भाऊजी, काय म्हणत होते?"

"दादा..." एवढंच म्हणून मी वांग्याच्या फोडी पाण्यात टाकायला लागलो.

"यांचा राग नाई मले," तिने बाहेर मान वळवून म्हटलं. "चांगले हायेत सारे. पण भाऊजी, पस्तीस वर्षं झाली, मनात एक गोष्ट सुरू होते अन् पुरी होतच नाई. कोणीतरी बोलावतेच. मले एकडाव पाह्यचं हाय, पुरी झाली तं ती काय होते."

मी गोठ्यामागे गेलो आणि दादाला म्हणालो, "जाऊ दे तिला." तो बराच वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी तो पुसदला जाऊन रबरी बूट घेऊन आला. वहिनीच्या मापाचे. ते गळतात का पाहायला स्वतः दिवसभर पाय कोंबून ओलिताच्या पाटात उभा राहिला. संध्याकाळी लंगडत घरी आला आणि बूट तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "पाणी शिरत नाई." त्याच्या पायांना फोड आले होते. वहिनीने हळद-तेल गरम केलं आणि फोडांवर लावत बसली.

दसरा झाल्यावर मी तिला वर्ध्याच्या स्टेशनवर सोडलं. दादा आला नाही. कपाशीला पाणी द्यायचंय म्हणाला. गाडीला अवकाश होता. बाकावर बसत ती म्हणाली, "भाऊजी, तुमी आता जा." मी गेलो. पुलावरून मागे पाहिलं तर ती पिशवी मांडीवर घेऊन सरळ समोर पाहत बसली होती. चेहरा ओळखीचा होता, पण असा मी तो कधी पाहिला नव्हता.

बारा दिवसांनी ती परत आली. घर तसंच होतं, फक्त दादाने चहा करायला शिकून घेतला होता. तिने थोडकंच सांगितलं. दोन मासे लागले, सोडले. आईने विचारलं, "लागलं तं नाई न त्याहिले?" "नाई," वहिनी म्हणाली आणि पदर खोचून कणीक मळायला बसली.

पुढे हिवाळ्यात आम्ही दोघं अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो असताना ती आपणहून बोलली. "पाचव्या दिवशी मी गळ टाकलाच नाई, भाऊजी. दगडावर बसली, भाकर खाल्ली, तिथंच डोळा लागला. उठली तं पाणी वाहून राह्यलं होतं, ऊन होतं, अन् मी कोण हे मले आठवेचना. कोणाची बायको, कोणाची माय, काहीच नाई. थोडा वेळच. इतकं हलकं वाटलं." तिने हातातली शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. "मंग भेव वाटला. बूट घातले अन् खाली आली."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण ऑफिसात कधी दुपारी समोरची फाइल उघडी राहते आणि मी न पाहिलेल्या त्या दगडापाशी जाऊन पोचतो. तिथे ऊन असतं, पाण्याचा आवाज असतो. मी लांबच उभा राहतो. दगडावर वहिनी निजलेली असते, आणि तिला उठवावं असं मला वाटत नाही.